संतप्त गीत आणि श्रोत्याचे ऋण

एखाद्या माणसाने आपल्याला उद्देशून संतापाने चार शब्द बोलावे आणि आपण त्याच्या शब्दांच्या फेकीची तारीफ करून त्याच्या हातावर बक्षीस ठेवावे, ह्यात आपण त्याचा सन्मान करतो की उपमर्द? रोजच्या व्यवहारात असा प्रसंग सहसा येत नाही. आपला शेजारी तावातावाने काही गाऱ्हाणे सांगत असता जो गृहस्थ ‘वाहवा, काय खणखणीत उच्चार!’ असे म्हणेल, त्याला आपण एक तर वेडा समजू, नाही तर निष्ठुर समजू. परंतु तेच गाऱ्हाणे तालावर बसवून व यमकांची माळ गुंफून कोणी म्हणू लागला, की आपली वृत्ती एकदम पालटते. मग गाऱ्हाणे मागे राहते, ताल पुढे येतो. आपली मान डोलू लागते आणि ऐकून झाल्यावर आपण टाळी वाजवितो. ही टाळी न्यायाची आहे काय, आणि न्यायाची नसेल तर न्याय्य श्रोत्याने काय करावे, ह्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न कोणा शास्त्रीपंडितांचा नसून घरोघरच्या दिवाणखान्यातला आहे. हिप-हॉप नावाचा जो गीतप्रकार आज आपली मुले कानांत गोळ्या घालून ऐकत असतात, त्याचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात झाला असे मानण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील एका इमारतीत कूल हर्क ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जमैकातून आलेल्या एका तरुणाने आपल्या बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या. गाण्यातला निव्वळ तालाचा जो तुकडा असे, तो दोन यंत्रांवर आलटून पालटून लांबवीत नेण्याची त्याची युक्ती होती. त्या तालावर पुढे बोलणे आले, आणि त्या बोलण्यात त्या वस्तीचे दारिद्र्य, पोलिसांचे भय, वर्णभेदाचा दाह व तारुण्याची घमेंड ही सारी आली. सारांश, हा प्रकार दरबारात किंवा देवळात जन्मलेला नसून तो गल्लीत जन्मलेला आहे.

आपल्याकडे तो गल्लीतूनच आला. अंधेरीचे विव्हियन फर्नांडिस ऊर्फ ‘डिव्हाइन’ आणि कुर्ल्याचे नावेद शेख ऊर्फ ‘नेझी’ ह्या दोन तरुणांनी २०१५ साली आपल्या गल्लीवरच एक जोडगीत काढले. ‘मेरे गली में’ हे त्याचे नाव. त्यापूर्वी एक वर्ष नेझी ह्यांनी आपले एक गीत आयपॅडसारख्या घरगुती साधनावर चित्रित करून प्रसिद्ध केले होते. ह्या जोडगीताची भाषा मुंबईच्या रस्त्यावरची हिंदी आहे. ती कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही, परंतु लोकलच्या डब्यात ती क्षणोक्षणी ऐकू येते. पुढे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर ह्यांचा ‘गली बॉय’ हा चित्रपट आला. त्याआधी जानेवारीत त्याचा अठरा गीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला, व त्यात ते जुने जोडगीत नव्या रूपाने घातलेले होते. ह्या वेळी त्या दोघांच्या आवाजांत चित्रपटाच्या नायकाचाही आवाज मिसळला होता. संग्रहाचे स्वागत असे झाले की, ज्यांनी कुर्ल्याची गल्ली आगगाडीच्या खिडकीतूनच पाहिली असेल त्या घरांतील मुलेही ती गीते म्हणू लागली. चित्रपटास तेरा फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. ऑस्करसाठी भारताच्या वतीने त्याचीच निवड झाली.

आता कोणी म्हणेल की, ह्यात बिघडले काय? बिघडले असे आम्ही म्हणत नाही. कष्टाने कला साधलेल्या तरुणांना कीर्ती व पैसा मिळाला ही आनंदाचीच गोष्ट आहे, आणि कलावंताने उपाशी राहूनच खरे बोलावे अशी अपेक्षा करणारा रसिक हा रसिक नसून सावकार होय. आमचा प्रश्न गाणाऱ्याविषयी नाही. तो ऐकणाऱ्याविषयी आहे.

संतप्त गीत कानी पडले असता समाज आजवर तीन रीतींनी वागत आला आहे. पहिली रीत नाक मुरडण्याची, दुसरी दंड करण्याची आणि तिसरी टाळी वाजविण्याची. तिन्हींचे थोडे परीक्षण करू.

नाक मुरडण्याची रीत सर्वांत जुनी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी होनाजी शिलारखाने आणि बाळा करंजकर ही जोडी तमाशाच्या फडात नावाजलेली होती. होनाजीने रचावे आणि बाळाने गावे असा त्यांचा क्रम सांगतात. म्हणजे जोडीने गीत करण्याची चाल आपल्याला अमेरिकेतून उसनी आणावी लागली, असे कोणी समजू नये. त्यांच्या लावण्यांना शिष्टांच्या घरांत मज्जाव होता. परंतु त्याच होनाजीची भूपाळी पुढे त्याच घरांत पहाटे मंगल म्हणून ऐकली जाऊ लागली आणि १९५१ साली व्ही. शांताराम ह्यांनी तिच्यावर ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट काढला. फड ओवळा आणि भूपाळी सोवळी, हा विवेक आपण कोणत्या तराजूने केला? उत्तर सोपे आहे. भूपाळीत आपल्याला कोणी काही विचारीत नाही.

अमेरिकेतही असेच घडले. अटलांटा शहरातील आन्द्रे बेंजामिन व अँत्वान पॅटन ह्यांच्या ‘आऊटकास्ट’ ह्या जोडीला १९९५ साली न्यूयॉर्क येथे पारितोषिक देण्यात आले, तेव्हा सभागृहातील मंडळींनी त्यांची हुर्यो केली. कारण ती दोघे दक्षिणेकडची होती आणि रॅप म्हणजे न्यूयॉर्कची व कॅलिफोर्नियाची मिरासदारी अशी त्या काळी समजूत होती. स्वतः तुच्छतेने पोळलेल्या मंडळींनी दुसऱ्यास गावंढळ ठरविले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. त्याच जोडीने २००३ साली दोन तबकड्यांचा एक संग्रह काढला. त्यात एक तबकडी एकाची व दुसरी दुसऱ्याची, अशी न्यारी वाटणी होती. २००४ साली त्यास वर्षाचा सर्वोत्कृष्ट संग्रह म्हणून ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पुढे २०१८ साली केंड्रिक लामार ह्यांच्या एका रॅपसंग्रहास संगीताचे पुलित्झर पारितोषिक देण्यात आले. नाक मुरडणारी पिढी अशा रीतीने प्रायः पराभूत होते, आणि तिची मुले टाळ्या वाजवितात.

दुसरी रीत दंडाची. बा. सी. मर्ढेकर ह्यांच्या १९४७ सालच्या ‘काही कविता’ ह्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. पुढे ते त्यातून निर्दोष सुटले, आणि आज ते पुस्तक वाचल्यावाचून मराठीचा पदवीधर होता येत नाही म्हटले तरी चालेल. हा इतिहास ताजा असूनही आपण शहाणे झालो असे दिसत नाही. एप्रिल २०२३ मध्ये आमच्याच ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात, छत्रपती संभाजीनगरकडील राज मुंगासे ह्या तरुण रॅपगायकावर त्याच्या एका मराठी गीताबद्दल गुन्हा नोंदविण्यात आला. त्या गीतात राज्यातील सत्तापालटावर टीका होती. ते गीत चांगले की वाईट, त्यातील आरोप खरा की खोटा, ह्याविषयी मतभेद असू शकतील. परंतु गीताचे उत्तर फौजदारी कलमांनी देण्याचा प्रसंग यावा, हे राज्यकर्त्यांच्या विनोदबुद्धीस व प्रजेच्या सहनशीलतेस सारखेच कमीपणा आणणारे आहे. तथापि दंड करणाऱ्याच्या पदरी एक श्रेय टाकलेच पाहिजे. गीत आपल्याला उद्देशून आहे, हे त्यास समजलेले असते. प्लेटोने आपल्या आदर्श नगरातून कवींना घालवून दिले ह्याचे कारण, काव्याने माणसे खरोखर बदलतात अशी त्याची खात्री होती. त्याचा निर्णय चुकीचा असेल, पण त्यात कवीची अवहेलना नव्हती.

तिसरी रीत टाळीची, आणि तीच आम्हांस सर्वांत विचारणीय वाटते. कारण नाक मुरडणाऱ्याचा संकुचितपणा उघड असतो, दंड करणाऱ्याचा जुलूम उघड असतो, परंतु टाळी वाजविणाऱ्याच्या अंगी उदारपणाचे तेज दिसते. आपण जुन्या लोकांसारखे सोवळे नाही, गल्लीतल्या मुलाचे दुःखही आपल्या काळजाला भिडते, असे त्यास मनापासून वाटत असते. ह्या वाटण्यात अप्रामाणिकपणा नाही, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा अवघड आहे.

ह्या ठिकाणी आपल्या साहित्यशास्त्राचे थोडे साहाय्य घेऊ. भरताने रौद्र हा एक रस मानला असून क्रोध हा त्याचा स्थायी भाव सांगितला आहे. पण क्रोधासारखा दाहक भाव आस्वाद्य कसा होतो? ह्यावर भट्टनायक व अभिनवगुप्त ह्यांनी दिलेले उत्तर साधारणीकरणाचे आहे. रंगभूमीवरचा क्रोध हा अमक्याचा अमक्यावरचा क्रोध असा राहत नाही. व्यक्ती, स्थळ व काळ ह्यांचे पाश गळून पडतात, आणि उरतो तो निव्वळ क्रोध. तो प्रेक्षकाचा नसतो, शत्रूचा नसतो, मित्राचाही नसतो, म्हणून त्याची चव घेता येते. भीमाने दुःशासनाचे रक्त प्याले हे पाहून आपण नाट्यगृहातून पळून जात नाही, ते ह्याच कारणाने.

हा सिद्धान्त भीमाच्या बाबतीत निर्दोष आहे. कारण आपल्यांपैकी कोणी दुःशासन नाही. परंतु ज्या गीतातील क्रोधाचा रोख खुद्द श्रोत्यावर आहे, त्याचे काय? कुर्ल्याच्या किंवा धारावीच्या गल्लीतला मुलगा जेव्हा म्हणतो की, तुमच्या शहरात आम्ही राबतो पण तुमच्या नकाशात आम्ही नाही, तेव्हा त्या वाक्यातील ‘तुम्ही’ कोण? हा ‘तुम्ही’ गळून पडल्यावाचून आस्वाद सुरू होत नाही, आणि तो गळून पडला की गीताचा प्राणच गेला. अशा गीताच्या बाबतीत साधारणीकरण म्हणजे आरोपीने आरोपपत्रातून आपले नाव खोडून मग त्यातील भाषासौंदर्याचे रसग्रहण करण्यासारखे आहे. आपली टाळी हे खोडण्याचे काम फार सफाईने करते. त्या क्षणी श्रोता स्वतःला गीतातील ‘आम्ही’मध्ये ढकलून देतो, आपणही असेच हिणवले गेलो होतो, आपलीही वेळ येणार आहे, असे त्याला वाटते. परीक्षेत दोन गुण कमी पडलेला सुखवस्तू मुलगा आणि ज्याच्या घरी नळ नाही असा मुलगा एकच ध्रुवपद आळवू लागतात. ह्यास समता म्हणावयाचे असेल तर ती फारच स्वस्त समता झाली.

ह्याचा परिणाम काय होतो, हे त्याच २०१९ सालाच्या दुसऱ्या एका गीतावरून दिसेल. ‘स्वदेशी’ नावाच्या मुंबईतील रॅपगायकांच्या मंडळाने आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर ह्यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत प्रसिद्ध केले. जंगल, जमीन व वारली जीवन हा त्याचा विषय. गीताची वाखाणणी झाली, वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. त्या वर्षीच्या ४ ऑक्टोबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रोच्या कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, आणि त्याच रात्री आरेमध्ये वृक्षतोडीस प्रारंभ झाला. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्याचा आदेश दिला, तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे पडून गेली होती. काही तरुण त्या रात्री तेथे जाऊन उभे राहिले व त्यांपैकी काहींना अटकही झाली. त्यांची गोष्ट निराळी. परंतु ज्यांनी गीत ऐकून वाहवा केली, त्या सर्वांनी आपल्या वाहवेचा अर्थ काय समजावा? मेट्रो हवी की झाडे हवीत, ह्या वादात प्रामाणिक मतभेदास जागा आहे. पण ज्याला मेट्रोच अधिक हवी होती त्याने तसे त्या गायकांना सांगावयास हवे होते, आणि ज्याला झाडे हवी होती त्याने काही तरी करावयास हवे होते. टाळी वाजवून दोन्ही टळले.

अण्णा भाऊ साठे ह्यांचे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. १९२० साली वाटेगावी जन्मलेल्या ह्या शाहिराने अमर शेख व गवाणकर ह्यांच्या संगतीने लाल बावटा कलापथकात गाऊन गिरणगाव जागे केले. मुंबईवरील त्यांची लावणी म्हणजे ह्या शहराच्या श्रीमंतीस व दैन्यास समोरासमोर उभे करून घेतलेली जबानीच होय. ते घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिले आणि १९६९ साली, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, हलाखीत वारले. २००२ साली त्यांच्या नावाचे टपालाचे तिकीट निघाले. तिकिटास आमचा विरोध नाही. परंतु ज्या लावणीत त्यांनी प्रश्न विचारले, त्यांतील किती प्रश्नांची उत्तरे आपण दिली, आणि किती प्रश्नांवर तिकीट चिकटवून ते परत पाठविले?

ह्यावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप जुन्या वळणाचा आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, ह्या वादात फडके व खांडेकर ह्यांच्या नावाने आपल्या आधीच्या पिढीने पुष्कळ शाई खर्च केली. तोच वाद पुन्हा उकरून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, त्या वादात लेखकाचे कर्तव्य कोणते हे ठरवावयाचे होते. श्रोत्याचे कर्तव्य हा त्या वादाचा विषयच नव्हता. कलावंताने निव्वळ सौंदर्यासाठी गाणे रचले असे मान्य केले, तरी ज्याने त्यात एक खरी गोष्ट ऐकली त्याची जबाबदारी कमी होत नाही. रात्री शेजारच्या घराला आग लागली असता ओरडणाऱ्याचा आवाज सुरेल होता म्हणून आपले पाणी नेण्याचे काम संपत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. राग आला म्हणजे माणूस खरे बोलतो असे कोठे आहे? रॅपगीतांत स्त्रियांविषयी हीन शब्द असतात, पैशाची व मारामारीची फुशारकी असते, शिव्यांची पखरण असते. मग हे सारे गल्लीतून आले म्हणून त्यापुढे मान तुकवावी काय? मुळीच नाही. दारिद्र्य ही काही सत्याची सनद नव्हे. क्रोधापासून संमोह होतो हे गीतेचे सांगणे गरिबाच्या क्रोधासही लागू आहे. आणि योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य प्रमाणात रागावणे ही कठीण गोष्ट आहे, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे ते कुर्ल्यास व अटलांटासही लागू आहे. परंतु नीट पाहिले तर हा आक्षेप टाळीच्या विरुद्धच जातो. टाळी वाजविणारा श्रोता त्या शिव्यांनाही टाळी वाजवीत असतो. ‘ही गल्लीची भाषा’ म्हणून तो त्या रंगतदार मानतो. आपल्या मुलाच्या तोंडी जे आपण खपवून घेणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडी रसरशीत म्हणून चाखणे ह्यात आदर नाही. त्यात एक प्रकारची फारकत आहे. ज्याला आपण बरोबरीचा मानतो, त्याच्याशीच आपण वाद घालतो.

ह्या बाबतीत आऊटकास्ट जोडीचेच एक प्रकरण उद्बोधक आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी येथे बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास ज्यांनी नकार दिला, त्या रोझा पार्क्स बाईंचे नाव ह्या जोडीने १९९८ सालच्या संग्रहातील एका गीतास दिले. गीताचा विषय त्या बाई नव्हत्या. बसच्या मागच्या बाजूस जाण्याचा उल्लेख तेवढा ध्रुवपदात होता. १९९९ साली बाईंच्या वतीने, आपले नाव अनुमतीवाचून वापरले म्हणून, दावा लावण्यात आला. एका बाजूस एका लढ्याची वृद्ध माउली आणि दुसऱ्या बाजूस त्याच लढ्याची फळे चाखणारी तरुण पिढी, असा तो विचित्र सामना होता. अनेक वर्षे चाललेला हा दावा २००५ साली तडजोडीने मिटला. जोडीने व तबकड्यांच्या कंपनीने दोष कबूल केला नाही, परंतु पार्क्सबाईंच्या कार्याची ओळख नव्या पिढीस करून देणाऱ्या शैक्षणिक उपक्रमास हातभार लावण्याचे मान्य केले. कोण जिंकले हे सांगणे कठीण आहे. पण त्या वृद्ध बाईंच्या बाजूने गाण्यास टाळी दिली गेली नाही, तर जबाब दिला गेला. आणि त्यातून काही तरी निपजले.

‘जबाब’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आपल्या लोकपरंपरेत ह्या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. कलगी आणि तुरा ह्या दोन पक्षांचे शाहीर समोरासमोर बसत, एकाने सवाल टाकावा आणि दुसऱ्याने त्याचा जबाब द्यावा, असे रात्र रात्र चाले. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे व तुरेवाले शिवाला. त्या फडात सवाल कितीही सुरेख असला तरी समोरच्या पक्षाला नुसती मान डोलावून सुटता येत नसे. ज्याला जबाब सुचला नाही तो हरला, असा सरळ न्याय होता. वाहवा करण्याचा हक्क तिऱ्हाइताला. ज्याला सवाल घातला त्याला तो हक्कच नाही. आज आपण शहरवासी सुखवस्तू लोक स्वतःला तिऱ्हाईत समजून बसलो आहोत, आणि वास्तविक सवाल आपल्याला घातलेला आहे. सारी गोम येथे आहे.

मग जबाब द्यावयाचा तो कसा? ह्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. आम्ही राहतो ते बाळकुम घ्या. कापूरबावडीकडून भिवंडीस जाणाऱ्या रस्त्यावर, कशेळीच्या पुलाच्या अलीकडे, खाडीच्या काठचे हे जुने गाव. खाडीवर जगणारे कोळी आणि शेतीवर व मिठागरांवर जगणारे आगरी ही येथली मूळ वस्ती. १९८२ साली स्थापन झालेल्या ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत ते आले, आणि आता गावठाणाच्या भोवती उत्तुंग इमारती व डोक्यावर मेट्रोचे खांब अशी त्याची स्थिती आहे. ह्या इमारतींतून राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांतील मुलांना गल्लीची गाणी तोंडपाठ असतात. पण खरी गल्ली खिडकीखाली आहे. तेथे हळदीच्या रात्री आगरी-कोळी गीते मोठ्याने वाजू लागली, की त्याच घरांतून खिडक्या लागतात. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद असावा हा कायदा आहे आणि तो योग्य आहे. आजारी माणसाला व अभ्यास करणाऱ्या मुलाला शांततेचा हक्क आहे, ह्यात संशय नाही. परंतु दहा वाजण्यापूर्वीही जी गल्ली आपल्याला नकोशी वाटते, तीच गल्ली कानातील यंत्रातून आली म्हणजे हवीशी वाटते, हा भेद आवाजाच्या मोठेपणाचा नाही. यंत्रातली गल्ली आपल्या मर्जीने बंद करता येते. खिडकीखालची गल्ली शेजारी असते, आणि शेजाऱ्याला काही देणे लागते.

म्हणून जबाबाची पहिली पायरी ही की, सवाल कोणाला घातला आहे हे कबूल करणे. गाणे ऐकून झाल्यावर मुलाशी एवढे बोलले तरी पुरे की, ह्यात जो ‘तुम्ही’ आहे तो कदाचित आपण आहोत. आपल्या इमारतीखालची जमीन काल कोणाची होती, खाडीत मासळी का उरली नाही, आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा कोठे अभ्यास करतो, हे आपल्याला ठाऊक आहे काय? दुसरी पायरी ही की, गीतातील जे खोटे किंवा हीन वाटेल त्याला तोंडावर हरकत घेणे; रागावलेल्या माणसाला बरोबरीचा समजून त्याच्याशी भांडणे. तिसरी पायरी ही की, ज्या गीताने आपण दुखावलो त्याच्या गायकावरही पोलीस घातले जात असतील तर त्यास विरोध करणे; कारण ज्याचे तोंड बांधले त्याला जबाब देता येत नाही, आणि सवालच बंद पडला म्हणजे फड उठला. शेवटची पायरी अर्थातच कृतीची. ती प्रत्येकाची निराळी असणार. कोणी गावठाणाच्या हद्दीच्या प्रश्नात लक्ष घालील, कोणी महापालिकेच्या शाळेत आठवड्यातून एक तास शिकवील, कोणी आपल्या सोसायटीच्या सभेत एका गैरवाजवी ठरावास विरोध करील. ह्यांतले काहीच जगास उलथून टाकणारे नाही. पण टाळीहून ते खचित जड आहे.

ह्याचा अर्थ रसास्वाद सोडावा असा नव्हे. तालाने मान डोलली तर ती डोलू द्यावी. सौंदर्य हे सत्याचे वाहन आहे, आणि हे वाहन नसते तर कुर्ल्याच्या गल्लीतील सत्य आमच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचलेच नसते. मात्र वाहन दारात आले असता घोड्याचीच पाठ थोपटून आत बसलेल्या पाहुण्याला तसाच परत पाठविणे ही आपल्याकडची रीत नाही. पाहुणा रागावून आला असेल, त्याचे काही म्हणणे चुकीचेही असेल. तरी त्याला आत घ्यावे, त्याचे ऐकावे आणि त्याला उत्तर द्यावे. उत्तर मिळाल्यावर तो पुन्हा सवाल घालील, हे उघडच आहे. जिवंत समाजाचा फड असाच चालावयाचा.